मिस थ्रेल यांच्या परवानगीने

टोलबरीत सकाळी कुत्री फिरवणाऱ्यांचे दोन पंथ होते. एक बाजारचौकातून निघून आधी चर्चकडे चढणारे, आणि दुसरे आधी नदीकडे उतरणारे. फेरी दोघांची एकच. चर्चची गल्ली, मठाचे पडके खांब, मिस थ्रेलचं कुरण, बंधाऱ्यावरचा लाकडी पूल, बंद पडलेली गिरणी आणि परत चौक. सावकाश चाललं तर पाऊण तास. क्लेमंट टॅपस्कॉट चर्चच्या पंथातला होता आणि हेझल पिल्बीम नदीच्या. त्यामुळे रोज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांच्या सुमारास कुरणाच्या मधोमध त्यांची गाठ पडायची.

ही गाठ ठरवलेली होती असं कुणी म्हणू शकलं नसतं. अकरा वर्षांत दोघांपैकी एकानेही तसा शब्द काढला नव्हता. क्लेमंटची म्हातारी स्पॅनियल टॅन्सी आणि हेझलचा टेरियर स्प्रॅट एकमेकांना हुंगून घ्यायचे, आणि त्या दोन-तीन मिनिटांत हेझल बोलायची, क्लेमंट ऐकायचा.

"काय रे क्लेमंट, अजून जिवंत?"

"आहे म्हणायचं, मिसेस पिल्बीम."

"मग चेहऱ्याला कळव की. त्याला अजून पत्ता नाही."

हेझल खाटकाची बायको होती. नवरा गेल्यावर आठ वर्षं दुकान तिने एकटीने चालवलं आणि मग विकलं. सगळ्या गावाला ती अरे-तुरे करायची. पाद्रीसाहेबांनाही एकदा, त्यांचं सॉसेज बांधता बांधता, "तुझं प्रवचन फार लांबतं रे" असं तिने ऐकवलं होतं. क्लेमंट मात्र गावातल्या वाचनालयात एकतीस वर्षं काढलेला माणूस. तो कुत्र्याशीही हळू आवाजात बोलायचा. चर्चपासून कुरणापर्यंत तो रोज एखादं वाक्य मनात जुळवत यायचा. 'मिसेस पिल्बीम, तुमची हरकत नसेल तर फेरीनंतर चहा' अशासारखं काहीतरी. मग हेझल समोर यायची, वाक्य कुठेतरी गळून पडायचं, आणि गिरणीपाशी पोचल्यावर त्याला ते पुन्हा सापडायचं. पण त्याचं त्याला फार वाईट वाटत नसे. गोल वाटेचं तेवढं बरं असतं. दोन माणसं उलट्या बाजूंनी निघाली की कुणी कुणाला न बोलावता भेटतात. उद्या पुन्हा भेट आहेच.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कुरणाच्या फाटकाला कुलूप लागलं.

क्लेमंट वरच्या फाटकाशी उभा राहिला. साखळी नवी होती, कुलूप पितळेचं. खाली पाटी होती: खासगी जागा, आत येऊ नये. दोनशे पावलांपलीकडे, पुलाच्या बाजूच्या फाटकाशी त्याला हेझलचा लाल कोट दिसला. तिथेही कुलूपच असणार. ती हात वर करून काहीतरी ओरडली, पण वारा उलटा होता. क्लेमंटने टोपी काढून हलवली. टॅन्सी फाटकाच्या खालच्या फटीत नाक घालून बसली आणि उठेना. शेवटी तिला उचलून घेऊन तो आल्या वाटेने परत निघाला. टोलबरीत राहायला आल्यापासून तो पहिल्यांदाच त्या गल्लीतून उलटा उतरत होता आणि गल्ली त्याला अनोळखी वाटत होती.

मिस थ्रेल दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. पुतण्याने घर आणि कुरण काल्डर नावाच्या एका तरुणाला विकलं होतं. तो लंडनहून आला होता आणि त्याला घोडे पाळायचे होते.

त्याच दिवशी दुपारी क्लेमंटच्या दाराची घंटा वाजली. दारात हेझल होती. ती त्याच्या घरी यापूर्वी कधी आली नव्हती.

"आत ये म्हणशील की इथेच वाळत घालणार आहेस?"

ती आत आली. चारही भिंतींवरच्या पुस्तकांकडे पाहून म्हणाली, "बापरे. झोपतोस कुठे, कपाटात?" मग तिने टेबलावर कागदांचा गठ्ठा आपटला. कौन्सिलच्या कचेरीतून ती फॉर्म घेऊन आली होती, आणि तिथल्या मुलीकडून सगळं समजून घेऊन.

"ऐक. कुलूप लागलं त्या दिवसापासून मागे वीस वर्षं मोजायची. तेवढी वर्षं लोक उघडपणे, कुणाला न विचारता, कुंपण न मोडता चालले असतील, तर ती वाट वहिवाटीची झाली. मग त्याचा बाप आला तरी बंद करू शकत नाही. चाळीसेक माणसांनी लिहून द्यायचं, बस. वीस वर्षं! माझा रॉय तर तिथून पन्नास वर्षं चालला."

"छान आहे," क्लेमंट म्हणाला.

"छान काय, कामाला लाग. दारं मी वाजवते, कागद तू बघ. तुझ्याशिवाय हे बारीक अक्षर गावात कोण वाचणार?"

ती गेल्यावर क्लेमंटने चष्मा पुसला आणि बारीक अक्षर वाचायला घेतलं. तुम्ही वाट कधीपासून वापरता? पायी की घोड्यावरून? आठवड्यातून किती वेळा? कुणी अडवलं का? नववा प्रश्न असा होता: ही वाट वापरण्यासाठी तुम्ही जमीनमालकाची परवानगी मागितली होती का, किंवा मालकाने ती दिली होती का? असल्यास तपशील द्यावा.

खाली टीप होती. परवानगीने झालेला वापर वहिवाटीत धरला जात नाही.

क्लेमंटने चष्मा काढून ठेवला.

सतरा वर्षांपूर्वी गावाच्या वारसा मंडळाने ठरवलं की टोलबरीतल्या फेऱ्यांचं एक पत्रक काढावं. लिहायचं काम वाचनालयातल्या माणसाकडे आलं. क्लेमंटने त्यासाठी अख्खा हिवाळा घातला. सहा फेऱ्या. त्यातली तिसरी कुत्रं घेऊन जाणाऱ्यांसाठी, कारण त्या फेरीत कुत्र्याला अडवेल असं एकही कुंपण नव्हतं. जिथे माणसाला चढून ओलांडावं लागे तिथे कुत्र्यापुरती वर उचलायची फळी होती. अडचण एकच होती. कुरणातली वाट नकाशात नव्हती. मळलेली होती, पण नकाशात नव्हती. गिरणीतली जुनी माणसं आणि रॉय पिल्बीमसारखे काही जण त्या वाटेने जायचे. कुणी काही म्हणत नव्हतं. मंडळाचा चिटणीस म्हणाला होता, "छापून टाका हो. मिस थ्रेल काय काठी घेऊन येणार आहेत?"

पण दुसऱ्याच्या जागेतली वाट न विचारता छापायची, हे क्लेमंटला जमेना. जाऊन विचारायचं धाडस नव्हतं, म्हणून त्याने पत्र लिहिलं. तीन खर्डे केले. आठवड्याने मिस थ्रेलचं उत्तर आलं, हिरव्या शाईत. ज्याला चालायचं असेल त्याने खुशाल चालावं, माझी परवानगी आहे. तुम्ही विचारलंत याचा आनंद वाटला. आजवर कुणी विचारलं नव्हतं.

त्या शेवटच्या वाक्याने क्लेमंट कितीतरी दिवस सुखावला होता. पत्रकात त्याने फेरी क्रमांक तीनच्या खाली एक ओळ घातली: 'कुरणातील वाट मिस थ्रेल यांच्या कृपापूर्वक परवानगीने.' ओळ त्याला चांगली वाटली होती. बाकी पत्रकाबद्दल त्याची खात्री नव्हती. छापून आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याने चौकातल्या कचरापेटीत दोन प्रती पाहिल्या, आणि माशांच्या दुकानात एक खिडकीच्या फटीत कोंबलेली. नंतर त्याने कुणाला त्याविषयी विचारलं नाही. कुणी वाचलं नसणार, असं त्याने धरून ठेवलं होतं.

उद्या सकाळी मिसेस पिल्बीमना सांगायचं, असं त्याने ठरवलं.

सकाळी साडेनवाला हेझल दारात हजर झाली. स्प्रॅट दोरी ताणत होता. "चल," ती म्हणाली. "आधी वृद्धाश्रमाची ओळ घेऊ. तिथे सगळे घरीच असतात, जाणार कुठे?"

'चल' हा शब्द तिने इतक्या सहज उच्चारला की क्लेमंटने कोट चढवला आणि तो चालू लागला.

त्यानंतरचे आठवडे असे गेले, की त्यांना काय म्हणावं हे त्याला कळलं नाही. अकरा वर्षं तो हेझलला समोरून पाहत होता. आता ती शेजारी होती. शेजारून ती वेगळीच दिसायची. चढावर तिला धाप लागते आणि ती लपवण्यासाठी ती एखाद्या घराच्या गुलाबांना नावं ठेवत उभी राहते, हे त्याला कळलं. आपल्या जुन्या दुकानासमोरून जाताना ती बोलणं थांबवत नाही, पण त्या बाजूला बघतही नाही, हे कळलं. दारं ती वाजवायची, बोलायची ती, आणि फॉर्म पुढे करून "हा टॅपस्कॉट, हा सांगेल कुठे सही करायची" असं म्हणायची. क्लेमंट जागा दाखवायचा. नवव्या प्रश्नावर त्याचं बोट थांबायचं नाही. "बाकीचं तुम्ही सवडीने भरा आणि पाकीट बंद करून द्या," असं तो म्हणायचा.

शनिवारी बाजार भरायचा तेव्हा ते चौकातल्या लोणी-बाजाराच्या दगडी छपराखाली टेबल मांडून बसायचे. दुपारी हेझल सॉसेज रोल आणायची, अर्धा त्याला द्यायची आणि अर्ध्यातला अर्धा कुत्र्यांना.

"रॉय गेल्यापासून मी कुणाबरोबर बसून खाल्लं नाही बघ," एकदा ती म्हणाली. "उभ्यानेच. सिंकपाशी."

"मीसुद्धा," क्लेमंट म्हणाला. "म्हणजे, मी बसतो. पण पुस्तक असतं."

"पुस्तकाला बरं, तोंडात घास असताना बोलत नाही."

ती हसली. क्लेमंटही हसला. घरी जाताना त्याला वाटलं, आज सांगायला हवं होतं. मग वाटलं, आज कसं सांगणार? आणि रोज 'आज कसं' असंच होत गेलं. सांगितलं की फॉर्म संपले, दारं संपली, टेबल संपलं, आणि 'चल' संपलं. तो स्वतःला हे इतक्या स्पष्ट शब्दांत सांगत नव्हता. तो स्वतःला सांगत होता की एका जुन्या पत्रकाला कौन्सिलमध्ये कोण विचारतो, ते कुणी वाचलंच नव्हतं, नव्या मालकाला त्याचा पत्ता नाही, आणि हिरव्या शाईतलं पत्र त्याच्याच खणात आहे.

एप्रिलच्या अखेरीस एका रविवारी दुपारी ते 'व्हीटशीफ' पबमध्ये बसले होते. कुत्री टेबलाखाली होती. काउंटरमागे डेस्मंड ग्लास पुसत होता. दार उघडून एक तरुण आत आला. अंगावरचा कोट आणि पायातले बूट नवे कोरे होते. तो सरळ त्यांच्या टेबलाशी आला.

"मिसेस पिल्बीम ना? मी काल्डर."

"दिसतंय," हेझल बुटांकडे बघत म्हणाली.

तो ओशाळला. चांगला मुलगा वाटत होता. म्हणाला, "हे बघा, मला गावाशी भांडायचं नाही. घोडी गाभण आहे, आणि एका कुत्र्याने तिला तारेपर्यंत पळवलं, म्हणून कुलूप लावलं. पण पहाटेपासून दुपारपर्यंत मी उघडं ठेवायला तयार आहे. कुत्री दोरीला हवीत. फक्त तुम्ही गावातर्फे मला एक लेखी विनंती द्या. वकील म्हणतो, लेखी हवं. मे महिन्यात मला त्या जागेचं काय ते ठरवायचं आहे, त्याआधी दिलीत तर बरं."

"विनंती?" हेझलने मोठ्याने विचारलं. "डेस्मंड, ऐकलंस? हा म्हणतो, विनंती करा. माझ्या घरात शिरून बसायचं आणि मलाच म्हणायचं, बाई, बसायला खुर्ची माग." लोक हसले. "हे बघ पोरा. तू इथे येऊन किती, वर्ष झालं? आम्ही वीस वर्षं चाललोय. कुणाच्या बापाला विचारलं नाही. हक्काचं आहे ते भीक म्हणून घ्यायला मी वेडी नाही. जा, त्या वकिलाला सांग."

काल्डरने क्लेमंटकडे पाहिलं. का कोण जाणे, पण त्याच्याकडेच पाहिलं. वयाने मोठा, शांत, टाय लावलेला माणूस काही समजुतीचं बोलेल असं त्याला वाटलं असावं. क्लेमंटच्या हातात बिअरचा अर्धा ग्लास होता. फेस खाली बसत आला होता. 'मिसेस पिल्बीम, जरा थांबा,' एवढंच वाक्य होतं. चार शब्द. ते जिभेच्या टोकापर्यंत आलं. मग हेझलने कोपराने त्याला ढोसलं आणि म्हणाली, "काय क्लेमंट, बरोबर ना?"

"बरोबर," क्लेमंट म्हणाला.

काल्डर निघून गेला. डेस्मंडने हेझलला एक ग्लास फुकट पाजला. ती लाल झाली होती, आनंदात होती, आणि बोलता बोलता तिने क्लेमंटच्या बाहीवर हात ठेवला आणि थोडा वेळ तिथेच राहू दिला.

जूनच्या मध्यावर त्रेचाळीस पाकिटं जमली. ती उघडून, क्रमाने लावून, पहिल्या पानावर गोषवारा लिहून कौन्सिलकडे पाठवायचं काम क्लेमंटचं होतं. एका सोमवारी सकाळी त्याने टेबल मोकळं केलं, टॅन्सीला खिडकीपाशी उन्हात बसवलं आणि पहिलं पाकीट उघडलं. वृद्धाश्रमातल्या मिस गॉडफ्रीचं. कापरं, पण सुबक अक्षर. नवव्या प्रश्नापुढे तिने लिहिलं होतं: 'होय. मिस थ्रेल यांच्या कृपापूर्वक परवानगीने.'

क्लेमंटने ते दोनदा वाचलं. दुसरं पाकीट उघडलं. 'होय, मिस थ्रेल यांनी कृपापूर्वक परवानगी दिली होती. फार सज्जन बाई.' तिसरं. 'परवानगी होती, आम्ही काही चोरून जात नव्हतो.' डेस्मंडने लिहिलं होतं: 'हो. पत्रकात छापलंय. पत्रकं मीच काउंटरवर ठेवायचो, दरवर्षी संपायची, पुन्हा मागवायचो.' शाळेतल्या निवृत्त शिक्षकाने तर पत्रकाचं ते पान कापून चिकटवलं होतं आणि ओळीखाली लाल रेघ मारली होती. घडीवर ते पान झिजून कापडासारखं झालं होतं. म्हणजे तो ते खिशात घेऊन फिरत होता.

क्लेमंट उघडत गेला. पस्तीस. छत्तीस. लोकांनी टीप वाचली नव्हती. त्यांना वाटलं होतं, परवानगी होती असं सांगितलं की आपली बाजू भक्कम होईल. आपण सभ्य माणसं आहोत हे कौन्सिलला कळेल. एकाहत्तर वर्षांच्या आयुष्यात क्लेमंटने जे काही लिहिलं होतं त्यातली एक ओळ लोकांना पाठ होती. अख्ख्या गावाला. शब्दन् शब्द, 'कृपापूर्वक'सकट.

त्रेचाळीसमध्ये फक्त एका फॉर्ममध्ये उत्तर निराळं होतं. हेझलने लिहिलं होतं: 'कुणाला विचारायचं? कुरण काय पळून चाललं होतं?'

आणि त्याचा स्वतःचा फॉर्म त्याने अजून भरलाच नव्हता.

हेझलच्या स्वयंपाकघरात तो पाकिटांची पेटी घेऊन गेला तेव्हा ती वाटाणे सोलत होती. तो बसला नाही. त्याने सांगितलं, पत्र, उत्तर, पत्रक, नववा प्रश्न. सांगताना त्याच्या लक्षात आलं की हे सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

हेझलने पेटीतले सात-आठ फॉर्म वाचले. "हे तू लिहिलेलं?" तिने विचारलं. "ही ओळ?"

"हो."

"मी ते पत्रक कधी वाचलंच नाही रे. वाट मला पाठ होती, वाचायचं कशाला?" मग म्हणाली, "असू दे. सतरा वर्षांपूर्वी तुला काय स्वप्न पडणार होतं? चांगल्या मनाने विचारलंस. गाढव आहेस, पण चांगल्या मनाचं." तिने पुढचा फॉर्म उचलला आणि तसाच धरून ठेवला. "तुला कधी कळलं हे? आत्ता, पाकिटं उघडल्यावर?"

इथे खोटं बोलता आलं असतं. तिने स्वतःच वाट करून दिली होती.

"मार्चमध्ये," क्लेमंट म्हणाला. "तुम्ही फॉर्म आणलेत त्याच दिवशी."

वाटाण्याची एक शेंग तिच्या हातात तशीच राहिली.

"म्हणजे तो पोरगा पबमध्ये आला तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"त्याने विनंती मागितली. एक ओळ. मी सगळ्यांसमोर त्याची चंपी केली. आणि तू माझ्या शेजारी बसला होतास."

"हो."

"मी तुला विचारलं. बरोबर ना, म्हणून विचारलं."

"हो, मिसेस पिल्बीम."

"का रे?"

खरं उत्तर होतं. तुम्ही 'चल' म्हणत होतात म्हणून. पण ते कुणाला सांगण्यासारखं उत्तर नव्हतं, आणि त्या स्वयंपाकघरात, त्या चेहऱ्यासमोर तर नव्हतंच. तो म्हणाला, "सांगायचं होतं."

हेझलने ॲप्रन काढला, लाल कोट घातला आणि ती मागे न बघता बाहेर पडली. टेकडीवरच्या काल्डरच्या घरी ती चालत गेली. ती कुणाकडे कधी काही मागायला गेली नव्हती. क्लेमंट तिच्या दाराशी टॅन्सीला घेऊन उभा राहिला. तासाभराने ती परत आली. चढ-उताराने तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"कुरण भाड्याने दिलंय त्याने," ती म्हणाली. "घोड्यांची पैदास करणाऱ्या कुणाला, दहा वर्षांच्या बोलीवर. मेच्या शेवटी सह्या झाल्या. आता दुहेरी कुंपण घालणारेत. मुलगा चहा घ्या म्हणाला." ती कडी काढून आत गेली आणि दार लोटण्याआधी म्हणाली, "ते फॉर्म पाठवायचे नाहीत. लोकांना मी आता खोटं लिहा म्हणून सांगणार नाही, आणि खरं लिहिलेलं पाठवून हसं करून घ्यायचं नाही. ज्याचे त्याला परत दे. आणि तू एकट्याने दे."

क्लेमंटने ते परत दिले. दोन आठवडे लागले. प्रत्येक दारात त्याने सगळं सांगितलं, मार्चपासूनचं. त्याला वाटत होतं, लोक चिडतील. बरं झालं असतं. पण मिस गॉडफ्री म्हणाली, "अहो मिस्टर टॅपस्कॉट, तुमचं काय चुकलं? तुम्ही तर विचारलंत. हल्ली विचारतं का कुणी?" आणि तिने त्याला आल्याची बिस्किटं बांधून दिली. शिक्षक म्हणाला, पत्रक उत्तम होतं, पुन्हा काढा. डेस्मंडने अर्धा ग्लास पुढे सरकवला आणि म्हणाला, "तिला वेळ द्या. तिचं डोकं तापतं तसं निवतं." प्रत्येक दारातून तो अशी काही ना काही माया घेऊन बाहेर पडत होता, आणि दर वेळी त्याला वाटायचं की आपण त्या मायेच्या लायक नाही, पण ती परत कशी करावी तेही कळत नाही.

पंथ मोडले. चर्चवाले चर्चपर्यंत जाऊन परत फिरू लागले, नदीवाले गिरणीपर्यंत. कुरणाभोवती दोन रांगा खांब उभे राहिले. सकाळी आठ दहाला वरच्या फाटकाशी उभं राहिलं तर आता पलीकडचं काही दिसत नसे, मधे हिरवं जाळीचं कापड ताणलं होतं. क्लेमंट तरी तिथपर्यंत जायचा. टॅन्सीला तेवढीच सवय होती.

हेझल त्याला चौकात दिसायची. मान हलवायची. "क्लेमंट," एवढंच म्हणायची, पुढे काही नाही. जिवंत आहेस का, हेही विचारत नसे.

ऑक्टोबरात एका सकाळी तो चर्चच्या गल्लीतून परत उतरत होता. रात्री पाऊस पडून गेला होता आणि टॅन्सी पोटापर्यंत चिखलाने माखली होती. मागून एक जुनी निळी गाडी आली आणि त्याच्या शेजारी थांबली. काच खाली गेली. आत हेझल होती, आणि मागच्या सीटवर स्प्रॅट, नाक काचेला लावून.

"टेकडीवर नेते मी आता याला," ती रस्त्याकडे बघतच म्हणाली. "जंगलाच्या बाजूला. तिथे कुणाच्या बापाची जमीन नाही." हाताने तिने गिअरवरची धूळ पुसली. "मागे जागा आहे."

क्लेमंटला ऐकू आलं. नीट ऐकू आलं. छातीत काहीतरी वर उचललं गेलं, आणि त्याच क्षणी, आयुष्यभराच्या सवयीने, त्याच्या तोंडाने उत्तर देऊन टाकलं होतं.

"नको, नको, मिसेस पिल्बीम. टॅन्सी फार चिखलात आहे. तुमची गाडी खराब होईल."

हेझलने मागच्या सीटकडे पाहिलं. तिथे कुत्र्याचे केस होते, काड्या होत्या, वाळलेल्या चिखलाचे पंजे छपरापर्यंत उमटलेले होते. मग तिने क्लेमंटकडे पाहिलं, त्या स्वयंपाकघरातल्या दिवसानंतर पहिल्यांदाच सरळ, आणि ती थोडा वेळ थांबली. तेवढ्या वेळात एक वाक्य सहज बसलं असतं.

"बरं," ती म्हणाली.

काच वर गेली. क्लेमंट हातात दोरी घट्ट धरून उभा होता, कारण टॅन्सीने दोन्ही पुढचे पाय गाडीच्या दारावर ठेवले होते आणि तिला मागे ओढावं लागत होतं.